एका ओळीचें परीक्षण

या पानांवर आम्ही आजवर कादंबऱ्यांचीं, काव्यसंग्रहांचीं आणि प्रसंगीं जाडजूड चरित्रग्रंथांचीं परीक्षणें लिहीत आलों. आज परीक्षणास घेतलेली कृति मात्र ग्रंथ नव्हे, कविता नव्हे, साधा स्फुटलेखहि नव्हे. ती एकच ओळ आहे. आणि तीहि छापलेली नसून एका कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवरील समूहांत एका सायंकाळीं येऊन पडलेली. हा विषय मासिकाच्या प्रतिष्ठेस शोभत नाहीं असें कोणा वाचकास वाटल्यास आम्ही त्याला दोष देणार नाहीं. परंतु सुशिक्षित घरांतून आज जें वाचन होतें त्याचा मोठा वाटा अशाच ओळींचा आहे. सकाळीं चहाचा पेला हातीं येण्यापूर्वीं माणूस पांचपंचवीस संदेश वाचून आणि त्यांवर मनाशीं न्यायनिवाडा करून मोकळा झालेला असतो. एवढें वाचन जेथें घडतें तेथें टीकाकाराला कांहींच काम नाहीं, हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं.

ओळ अशी: ‘आतां पूल झाला काय आणि न झाला काय, सारखेंच.’

लिहिणारे आमचे एक मावसबंधू. वय साठीच्या पुढें, शाळेंतून निवृत्त, राहणें रेवसनजीक. ज्या वाचकांनीं तो किनारा पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण ‘पूल’ हा शब्द तेथें साधा शब्द राहिलेला नाहीं. रेवस हें अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाचें बंदर. समोर धरमतरच्या खाडीपलीकडे उरणकडील करंजा दिसतें, आणि रात्रीं तेथील दिवे मोजतां यावेत इतकें तें जवळ भासतें. पण गाडीनें जावयाचें म्हटलें तर वडखळ आणि पेणचा भला मोठा वळसा. मुंबईस जाणारानें लाँचनें भाऊच्या धक्क्यावर उतरावें, हा जुना परिपाठ. याच जलमार्गावर १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. तेव्हां खाडीवर पूल हवा असें म्हणणाराला इकडे फार युक्तिवाद करावा लागत नाहीं. पुलाची कल्पना राज्याच्या कारभारांत शिरली ती १९८० त, बॅ. अंतुले मुख्यमंत्री झाले तेव्हां. त्यानंतर पुलाचें नांव निघालें नाहीं अशी एकहि निवडणूक आमच्या स्मरणांत नाहीं. ज्या शब्दावर चार दशकें मतें मागितलीं गेलीं, त्या शब्दाला रंग चढणारच.

ओळीसोबत एक छायाचित्र होतें. ओहोटीच्या वेळचा रेवसचा धक्का, गाळांत रुतून एका अंगावर कललेल्या होड्या, दूर पाण्याची बारीक पट्टी. आणि ओळीच्या शेवटीं जोडलेल्या दोन हातांचें तें चिन्ह, जें हल्लीं अभिनंदनापासून शोकापर्यंत कोठेंहि लावितात.

अर्ध्या तासाच्या आंत तीन भाष्यें आलीं. पहिलें आमच्या घरच्या एका जांवईबापूंचें. राज्य करणाऱ्या पक्षावर त्यांची निष्ठा आहे आणि ती ते लपवीत नाहींत, हा त्यांचा गुणच. त्यांनीं लिहिलें, ‘चाळीस वर्षें कोणी कांहीं केलें नाहीं तेव्हां सगळे गप्प होते. आतां काम होतें आहे तर नाक मुरडायचें!’ दुसरें भाष्य धाकट्या मामांचें. त्यांच्या घरीं लाल बावट्याची निष्ठा आणि ‘कृषीवल’चें वाचन हीं दोन्हीं वडिलोपार्जित. ते म्हणाले, ‘बरोबर बोललास बाळ. पूल आपल्यासाठीं नाहींच. जमिनी घेणारांसाठीं आहे.’ तिसरें आमच्या वहिनींचें, ज्यांच्या माहेरीं अंतुल्यांचें नांव अजून आदरानें निघतें: ‘बॅरिस्टरसाहेब टिकले असते तर तेव्हांच झाला असता. आतां फार उशीर झाला, असेंच ना भावोजी?’ पुढें तासभर या तिघांत जें झालें त्याचें वर्णन करण्याचें कारण नाहीं. प्रत्येक घरीं त्याचा नमुना आहे.

आमचें स्वतःचें वाचनहि येथें लपवून चालणार नाहीं. आम्हांस ती ओळ उपरोध वाटली. जोडलेले हात म्हणजे सरकारला कोपरापासून नमस्कार, असा अर्थ आम्हीं क्षणांत लाविला, त्यावर खूष झालों, आणि ‘अस्सल कोंकणी टोला’ असा मथळा देऊन ती ओळ चार स्नेह्यांकडे रवाना केली. त्या चौघांसहि ती तशीच लागली. त्यांचीं आणि आमचीं मतें बहुधा जुळतात, हें सांगावयास नकोच.

मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशां’त एक प्रसिद्ध विवेचन आहे. सूर्य मावळला, एवढेंच एक वाक्य. पण तें राजाच्या कानीं पडलें तर शत्रूवर चालून जाण्याची वेळ झाली, अभिसारिकेनें ऐकलें तर निघण्याची वेळ झाली, मजुरानें ऐकलें तर काम पुरें करण्याची, ब्राह्मणानें ऐकलें तर संध्येची, गुराख्यानें ऐकलें तर गुरें गोठ्यांत घेण्याची. शब्द तेच, वाच्यार्थ तोच. व्यंग्यार्थ ऐकणारागणिक निराळा. असा अर्थ कशाकशानें ठरतो याची यादीहि मम्मट देतो: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, स्वर कसा, वाक्य कसें, जवळ दुसरें कोण आहे, प्रसंग कोणता, स्थळ कोणतें, काळ कोणता. अकराव्या शतकांत काश्मिरांत बसून केलेली ही यादी आमच्या हातांतील यंत्राला लावून पाहण्यासारखी आहे. संदेशांत स्वर नाहीं. ज्याला आलंकारिक काकु म्हणतात, म्हणजे आवाजाचा तो हेल, ज्यानें ‘वा, फारच छान केलेंत’ याची स्तुति होते किंवा शिवी होते, तो छापील अक्षरांतहि नसतो. पण लेखक तो शब्दांच्या रचनेंत पेरून ठेवतो आणि त्याला चार पानें मिळतात. येथें एकच ओळ आहे. प्रसंग कळत नाहीं, कारण लिहिणारा धक्क्यावर आणि वाचणारा डोंबिवलीस लोकलगाडींत. जवळ कोण आहे हें कळत नाहीं. मम्मटाच्या यादींतील बहुतेक साधनें अशीं गळून पडल्यावर शेवटीं एकच उरतें: ऐकणारा. आणि अर्थ लावण्याचें सारें काम त्या एकट्यावर येऊन पडलें म्हणजे तो मनांत जें सर्वांत तयार असेल तें पुढें करितो. आजच्या आपल्या समाजांत सर्वांत तयार वस्तु कोणती, तर पक्ष. एके काळीं जात असे, आतां जात आणि पक्ष.

ही गोष्ट आम्ही अनुमानानें म्हणत नाहीं. मूळ ओळ पुन्हां वाचावी. तिच्यांत सरकार नाहीं, जमीन नाहीं, अंतुले नाहींत. पण तिच्यांत एक शब्द आहे ज्याच्यावर सारा भार आहे, आणि तो ‘आतां’. पूर्वीं ज्याला पुलाचें कांहीं वाटत होतें त्याला आतां वाटत नाहीं, म्हणजे मध्यें कांहीं तरी घडलें. काय घडलें? जांवईबापूंनीं त्या ‘आतां’त चालूं सरकारची कारकीर्द वाचली. मामांनीं जमिनी गेल्यानंतरचा काळ वाचला. वहिनींनीं १९८२ च्या जानेवारींत अंतुल्यांची मुख्यमंत्रिपदाची कारकीर्द संपल्यानंतरचा सारा काळ वाचला. आम्हीं येऊं घातलेली निवडणूक वाचली. चौघांनींहि ‘आतां’ला आपापली तारीख घातली, बोलणाराची तारीख कोणीं विचारली नाहीं.

ती आम्हांस चार दिवसांनीं, आणि तीहि दुसऱ्याच कामासाठीं फोन केला तेव्हां कळली. बंधूंचा एक बालमित्र माझगांवांत राहत असे. गेलीं कित्येक वर्षें दर पंधरवड्यास हे लाँचनें भाऊच्या धक्क्यावर उतरत, चालत त्याच्या खोलीवर जात, बुद्धिबळाचे दोन डाव खेळत आणि संध्याकाळच्या लाँचनें परत येत. ओहोटी असली कीं रेवसला लाँच लागण्याची पंचाईत. तेव्हां दोघे पुलाची वाट पाहत आणि त्यावर थट्टा करीत. तो मित्र गेला. ‘आतां पलीकडे जायचें कोणाकडे?’ एवढेंच ते आम्हांस म्हणाले. जोडलेले हात मृतासाठीं होते. समूहांतलें भांडण त्यांनीं वाचलें होतें. उत्तर कां दिलें नाहीं असें विचारतां म्हणाले, ‘तुम्ही सगळे कामांत होतां.’

आमच्या चार स्नेह्यांना आम्हीं मागाहून खुलासा धाडला. दोघांनीं खेद कळविला. एकानें लिहिलें कीं तें कांहीं असो, टोला म्हणून ओळ झकासच आहे. त्या गृहस्थाचें म्हणणें साहित्यशास्त्राच्या एका बाजूनें अगदींच त्याज्य नाहीं. कृति लेखकाच्या हातून सुटली कीं ती वाचकाची, असें मानणारे टीकाकार आहेत आणि कवितेच्या बाबतींत आम्हीहि पुष्कळदां त्यांच्या बाजूचे असतों. पण कविता वाचकाशीं बोलण्यासाठींच लिहिलेली असते. शोकाची बातमी कोणा विशिष्ट माणसांना सांगितलेली असते, आणि ती त्यांना न पोंचणें हा आस्वादाचा प्रश्न नव्हे.

हा दोष नव्या यंत्राचा, असें कोणी म्हणेल. यंत्रानें तो वाढविला हें खरें. जन्म मात्र त्यानें दिलेला नाहीं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांतच याचे दोन पुरावे आहेत, आणि ते न्यायालयाच्या दप्तरांत नोंदलेले आहेत. १८९७ त ‘केसरीं’तील शिवाजीउत्सवाविषयींच्या मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. नऊ ज्यूरर बसले; सहा युरोपियन, तीन हिंदी. सहांनीं दोषी म्हटलें, तिघांनीं निर्दोष. १९०८ च्या जुलैंत मुझफरपूरच्या बाँबस्फोटानंतरच्या लेखांवरून पुन्हां खटला झाला. या वेळीं सात युरोपियन आणि दोन पारशी. सातांनीं दोषी म्हटलें, दोघांनीं निर्दोष. दोन्ही वेळां मजकूर सर्वांपुढें एकच होता आणि दोन्ही वेळां मतांची वांटणी नेमकी राज्यकर्ता व प्रजा या रेषेवरून झाली. ज्यूररांपैकीं बहुतेकांस मराठी येत नव्हतें, म्हणून त्यांनीं वाचलें तें भाषांतर. आणि टिळकांनीं १९०८ त स्वतःचा बचाव करतांना मोठा वेळ घालविला तो मराठी शब्दांचीं इंग्रजी भाषांतरें कोठें भडक झालीं आहेत हें दाखविण्यांत. वास्तविक तें आमच्या भाषेंतील सूक्ष्म टीकेचें एक भाषण आहे. तें न्यायालयांत झालें म्हणून वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं त्याकडे पुरेसें पाहिलें नाहीं. त्या खटल्याचे न्यायाधीश दावर हे १८९७ त टिळकांच्या जामिनासाठीं उभे राहिलेले बॅरिस्टर होते. म्हणजे जन्मानें मिळालेला पक्ष हाच एक चष्मा नव्हे. खुर्चीहि चष्मा देते.

तरी हे झाले वाचनाचे दाखले. मनांतला पक्ष कानांतहि शिरतो याचा दाखला आमच्या काळांत महाराष्ट्रानेंच दिला, आणि तो भयंकर आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं, टाळेबंदीच्या दिवसांत, पालघर जिल्ह्यांतील गडचिंचले येथें चोर व मुलें पळविणारे आल्याच्या अफवेनें जमलेल्या जमावानें दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांस ठार मारिलें. त्या प्रसंगाची चित्रफीत तीन दिवसांत देशभर फिरली. तिच्यांतील गोंगाटांत एक उद्गार आहे. असंख्य लोकांना त्यांत ‘शोएब’ असें मुसलमान नांव ऐकूं आलें, आणि तें ऐकूं आल्याबरोबर सारी घटना त्यांच्यापुरती उलगडली. ज्यांनीं ती फीत थांबवून थांबवून तपासली त्यांना तेथें ‘ओय, बस’ असे शब्द मिळाले. म्हणजे अरे, पुरे. कोणी तरी मारणारांस थांबवीत होता. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनीं अटक झालेल्या १०१ जणांचीं नांवें प्रसिद्ध करून त्यांत एकहि मुसलमान नाहीं असें जाहीर केलें. तरीहि ‘आम्हांस तर तसेंच ऐकूं येतें’ म्हणणारे आमच्या परिचयांत कित्येक दिवस होते, आणि ते खोटें बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसें ऐकूं येत होतें.

अलंकारशास्त्रांत सभंगश्लेष म्हणून एक प्रकार आहे. तींच अक्षरें निराळ्या ठिकाणीं तोडलीं कीं निराळे शब्द होतात आणि दुसरा अर्थ निघतो. पंडित कवींना त्याचें मोठें वेड. गडचिंचल्याच्या त्या उद्गाराचें जें झालें तें स्वरूपानें सभंगश्लेषच आहे, फरक इतकाच कीं श्लेष कवीनें रचला नाहीं, श्रोत्याच्या भयानें रचला. एका तोडणींत माणूस दया मागत आहे; दुसऱ्या तोडणींत एक समाज खुनी ठरत आहे.

न्यायाच्या तराजूसाठीं हेंहि सांगितलें पाहिजे. त्याच चित्रफितींत पोलीस आहेत, आणि मारला जाणारा वृद्ध त्यांचा आश्रय धरूं पाहत आहे. ज्यांना तेव्हांचें सरकार आपलें वाटत होतें अशा आमच्या ओळखीच्या मंडळींचे डोळे त्या भागावर ठरत नव्हते. तीं मंडळी त्या अफवेच्या खंडनांत इतकीं गुंतलीं होतीं कीं तीन माणसें पोलिसांदेखत मेलीं ही गोष्ट बोलण्यांत मागें पडली. त्या मंडळींत आम्ही होतों.

मानसशास्त्रज्ञांनीं या व्यापाराचीं मोजमापें घेतलीं आहेत. १९५१ त अमेरिकेंतील प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत फुटबॉलचा एक दांडगाईचा सामना झाला. हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल यांनीं १९५४ त प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं एकच चित्रपट्टी दाखविली असतां प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या खेळाडूंचे नियमभंग डार्टमथच्या विद्यार्थ्यांपेक्षां दुपटीहून अधिक दिसले. २००९ चा दुसरा एक अभ्यास आमच्या ओळीच्या अधिक जवळचा. स्टीफन कोल्बर्ट नांवाचा अमेरिकन विनोदकार पुराणमतवादी वक्त्याचें सोंग घेऊन त्याच मतांची थट्टा करीत असे. दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना तो सारखाच विनोदी वाटला. परंतु पुराणमतवादी प्रेक्षकांचा कल असें मानण्याकडे होता कीं हा थट्टेचें नुसतें ढोंग करितो, मनांतून हीच मतें त्याला मान्य आहेत. हंसणें दोघांचें एक आणि हंसण्याचें कारण उलट. आम्ही आणि आमचा चौथा स्नेही त्या प्रेक्षागृहांत सहज बसलों असतों.

येथवर वाचून कोणाला वाटेल कीं पक्ष बाजूला ठेवून कोऱ्या मनानें वाचावें, असा आमचा उपदेश आहे. तसें मन कोणाजवळहि नाहीं, आणि असतें तर तें वाचायला निरुपयोगी ठरतें. धाकट्या मामांच्या भाष्याकडे पुन्हां पाहूं. पुलाचें नांव निघतांच त्यांना जमीन दिसते, हा त्यांचा चष्मा खरा. पण तो त्यांना कोणीं बाजारांत विकलेला नाहीं. त्याच तालुक्यांत चरी येथें कुळांनीं खोतांविरुद्ध १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला, जमिनी पडीक ठेवून दिवस काढले. त्या लढ्याचे पुढारी नारायण नागू पाटील यांनीं १९३७ त ‘कृषीवल’ काढलें. त्यानंतर सात दशकांनीं, सप्टेंबर २००८ त, पेण तालुक्यांतील २२ गांवांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमीन द्यावी कीं नाहीं यावर लोकांचा कौल घेण्यांत आला. ज्या घरानें हें सारें पाहिलें आहे त्या घरांत ‘विकास’ हा शब्द ऐकतांच मनुष्य सातबारा आठवतो. याला पूर्वग्रह म्हणावें कीं स्मृति? आमच्या मतें दोन्ही. पक्ष हा पुष्कळदां एका समूहाच्या आठवणींचें गांठोडें असतो, आणि आठवणीवांचून कोणी वाचूं शकत नाहीं. मामांची चूक जमीन आठवली ही नव्हे. आपली आठवण त्यांनीं भाच्याच्या तोंडीं घातली, ही.

लिहिणारेहि सगळे आमच्या बंधूंसारखे निष्पाप नसतात, हें विसरून चालणार नाहीं. दोन अर्थ मुद्दाम ठेवून लिहिण्याची कला हल्लीं फार भरभराटली आहे. आपल्या माणसांनीं घ्यावयाचा अर्थ एक, आणि कोणी जाब विचारला तर पुढें करावयाचा अर्थ दुसरा; ‘आम्हीं कोणाचें नांव घेतलें आहे काय?’ हें त्या कलेचें ठरलेलें भरतवाक्य. अशा मजकुरापुढें भोळेपणानें केवळ वाच्यार्थ धरून बसणें म्हणजे फसणें. तेथें टीकाकाराला व्यंग्यार्थ उघड करावाच लागतो, आणि तो शब्दांनिशीं, जागा दाखवून.

आणि तरीहि असा व्यंग्यार्थ काढण्याचा अधिकार सत्तेच्या हातीं गेला म्हणजे काय होतें हें पालघरनेंच २०१२ त दाखविलें. १७ नोव्हेंबर रोजीं बाळासाहेब ठाकरे यांचें निधन झालें. दुसऱ्या दिवशीं मुंबई बंद होती. या बंदविषयीं एका तरुणीनें फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीनें त्या आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. त्या ओळींत प्रश्न होता, खंतहि होती. पण दुःखानें भरलेल्या गर्दीला त्यांत अवमान दिसला आणि पोलिसांना गर्दीला दिसलें तेंच दिसलें. पुढें ज्या कलमाचा आधार घेतला गेला तें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं घटनाबाह्य ठरविलें. त्या निकालपत्रांत न्यायमूर्ति नरिमन यांनीं चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या आहेत. निकालपत्र हा वाङ्मयप्रकार आमच्या वाचकांच्या आवडीचा नसेल. पण मजकूर कसा वाचावा याचा तो एक चांगला पाठ आहे. कारण ऐकणाराला राग येणें ही गोष्ट तेथें मजकुराचा गुण म्हणून धरलेली नाहीं.

आमच्या स्वतःपुरता आम्हीं एक साधा नियम केला आहे. संदेश पुढें धाडण्यापूर्वीं तो आपल्या नावडत्या पक्षाच्या माणसानें लिहिला आहे असें समजून एकदां वाचावयाचा. अर्थ बदलला, तर बदललेला भाग आमचा, मजकुराचा नव्हे. या नियमानें आमचे संदेश निम्म्याहून कमी झाले आणि कांहीं मित्र, आमची प्रकृति बरी नाहीं काय, म्हणून विचारूं लागले. दुसरा उपाय याहून जुना आहे आणि त्याला यंत्रच पुरें पडतें: लिहिणाराला फोन करणें. तो आम्हीं पहिल्याच सायंकाळीं केला असता तर हें परीक्षण लिहिण्याची वेळ आली नसती.

गेल्या महिन्यांत आम्ही रेवसला जाऊन आलों. मामा होते, वहिनी होत्या, जांवईबापूहि रजा काढून आले होते. बंधूंनीं मित्राचा बुद्धिबळाचा पट माझगांवहून आणून ओसरीवर ठेविला आहे; मामा त्यांच्याशीं एक डाव खेळले आणि हरले. दुपारीं सर्वजण धक्क्यापर्यंत फिरून आलों. भरती होती, त्यामुळें गाळ दिसत नव्हता, आणि समोर करंजा नेहमींप्रमाणें जवळ दिसत होतें. पुलाविषयीं बंधूंचें स्वतःचें मत काय आहे, हें मात्र त्या दिवशींहि कोणीं त्यांस विचारलें नाहीं. आम्हींहि नाहीं.